डोळ्यातली ज्योत

मी एक जुना कंदील आहे. पेशावरच्या एका पत्रेवाल्याने मला घडवलं आणि खेचरावर लादून अफगाण डोंगरातल्या बारियालच्या घरी पाठवलं. मित्रांनो, आजवर मी खूप चेहरे उजळले. पण एका मुलीच्या डोळ्यातून मीच माझ्याकडे पाहिलं, ते मात्र अजून विसरता येत नाही.

ती बारियालची चार वर्षांची मुलगी, जरघूना. तिन्हीसांजेला तिची आई, स्पोगमई, मला पेटवून तिच्यासमोर धरायची. एकदा तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं काही लकाकलं. मांजराच्या डोळ्यात लकाकतं ना, अगदी तसं. माझीच ज्योत, पण थंड आणि फिकट. मी हललो की तीही हलायची. खरं सांगतो, तेलाचा दिवा असूनही मला गारठल्यासारखं झालं.

शेजारीण तुरपेकई कुजबुजली, "पोरीच्या आत कुणीतरी दिवा लावून बसलंय गं. कंदील दाखवशील तर ते बाहेर डोकावेल."

झालं! मला काढून सरपणाच्या खोपटात टाकलं. घरात धूप जाळला, पोरीच्या गळ्यात ताईत बांधला आणि संध्याकाळ झाली की सगळे अंधारात जेवू लागले. दिवसा डोळा साधा दिसायचा, म्हणून सगळे निश्चिंत. मी कोळ्यांच्या जाळ्यात पडून होतो. रागही यायचा आणि पोरीची काळजीही वाटायची. ते आत बसलेलं वाढत असलं तर?

हिवाळ्याच्या तोंडावर लष्कराची एक तुकडी बर्फात अडकली आणि तिचा डॉक्टर, कॅप्टन तोरयाली, बारियालच्या दारात आला. डोंगरातल्या बंदूकवाल्यांचं सैन्याशी हाडवैर, त्यामुळे बारियालचा चेहरा उतरला. पण दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवणं त्या खोऱ्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही, आणि पाहुण्याला अंधारात बसवणं तर त्याहून लाजिरवाणं.

"कंदील आण," बारियाल पडद्याआड म्हणाला.

"तो नको," स्पोगमई म्हणाली.

"पाहुणा चाचपडत जेवणार आहे का?"

मला पुसलं, पेटवलं, बैठकीत ठेवलं. बारियाल पाहुण्याच्या हातावर पाणी घालू लागला, आणि त्याच्या मागून जरघूना खांद्यावर पंचा घेऊन आली. तिने मान वर केली. ज्योत परत आली, आधीपेक्षा मोठी होऊन.

डॉक्टरचे ओले हात तसेच राहिले. त्याने मला उचललं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. पोरगी हसत होती. तो हसला नाही. त्याची नजर तिच्या गळ्यातल्या ताइतावर गेली.

"बारियाल लाला, हा जिन नाही. डोळ्यात कर्करोगाची गाठ आहे. उद्या खोऱ्यातल्या आमच्या छावणीत आणा. हेलिकॉप्टरने मोठ्या इस्पितळात पोचवतो, उपचाराचं मी बघतो."

"डॉक्टरसाहेब, माझी पोर तुमच्या हेलिकॉप्टरात बसली तर हे घर उरायचं नाही."

"आणि गाठ डोक्यात गेली तर पोर उरायची नाही."

मग पडद्याआडून स्पोगमई बोलली. परक्या पुरुषासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"घर पुन्हा बांधता येतं."

सकाळी सरपणाच्या भाऱ्याआड पोरीला लपवून बारियाल गाढव हाकत गेला. काही दिवसांनी बातमी फुटली, बंदूकवाले आले आणि त्यांनी घर पेटवलं. माझी काच तडकली ती तेव्हा. स्पोगमईने मला तेवढं राखेतून उचललं.

जरघूना परतली ती डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा घेऊन. मी भीतभीतच त्यात डोकावलो. आता तिथून कुणीच बघत नव्हतं. ती जगली, मित्रांनो! डॉक्टरने बारियालला बजावलं होतं, "हा आजार रक्तातून पुढे जाऊ शकतो. हिला मुलं झाली की त्यांचे डोळे उजेडात बघत राहा."

पुढे सैन्य निघून गेलं. छावणीत आता वारा शीळ घालतो. तोरयाली कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. घरोघरी उन्हावर चालणारे दिवे आले, आणि लग्न झालेल्या जरघूनाबरोबर मी तिच्या सासरी जाऊन खुंटीला लटकू लागलो. पण तिला मुलगा झाला तशी ती रोज तिन्हीसांजेला मला खाली घेऊ लागली. बाळाचे डोळे काळेभोर असायचे. मी सुटकेचा निःश्वास टाकायचो.

काल बाळाने मान वळवली, आणि उजव्या डोळ्यातून मी माझ्याकडे पाहिलं. इवलीशी, फिकट, थंड ज्योत.

जरघूना ओरडली नाही. तिने धूप जाळला नाही. मला खाली ठेवून नवऱ्याला म्हणाली, "सकाळी निघायचं."

"कुठे? ते डॉक्टर तर कधीच गेले."

"दुसरा शोधू. या वेळी लवकर दिसलंय."

आता ती बाळाची दुपटी बांधते आहे, आणि मी तिला उजेड देतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या तान्ह्याच्या डोळ्यात अशी पांढरी ज्योत दिसली, तर दिवा लपवू नका. बाळाला उचला आणि डॉक्टरकडे निघा.