धार गेली नव्हती

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी कात्री आहे. ऐरीगैरी नव्हे हं! चांगल्या पोलादाची, हाताला वजनदार. कापडाचे चार थर मी एका दमात कापायचे. नवी कोरी असताना मास्तरांनी मला आणलं, तेव्हापासून मी त्यांच्याच हातात. ते कापायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, मशीनवर शिवायच्या. "कटिंग असावं तर मास्तरांचं!" असं गिऱ्हाईक म्हणालं, की मीही मनातल्या मनात फुगायचे.

मग मास्तरांच्या अंगठ्याच्या मुळाशी मांस आपोआप उडू लागलं. डोळा लवतो ना, तसं. पुढे माझी पाती नीट मिटेनात, कापड चावल्यासारखं कापलं जाऊ लागलं. मास्तर वैतागले, "हिची धार गेली!" घ्या! नाचता येईना, अंगण वाकडं! मला धारवाल्याकडे पाठवलं. परत आले तरी तेच, म्हणून पुन्हा पाठवलं. महिनोन् महिने हेच चाललं. घासून घासून माझी पाती बारीक झाली, पण हाताकडे कुणी बघितलं नाही.

शेवटी बाईंनीच त्यांचा पंजा उजेडात धरला. अंगठ्याजवळ चक्क खड्डा पडला होता. "अगं बाई! अहो, हे काय?"

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं उडत असतं तर काळजी नव्हती. दमलं, झोप झाली नाही, तरी कुणाचाही स्नायू उडतो. पण इथे बळ गेलंय, मांस झडलंय. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्यात. हे बरं होणारं नाही. पुढे जीभही जड होईल."

मास्तरांनी एकच ध्यास घेतला. बोलता येतंय तोवर बायकोला कटिंग शिकवायचं. मी बाईंच्या हातात आले. "अगं, काखेला गोलाई दे! घाबरतेस काय?" मास्तर खुर्चीतून सांगायचे. बाह्या जमल्या, गळे जमले. कोट तेवढा राहिला.

कोटाचं कापड पसरलं त्या दिवशी बाईंनी विचारलं, "अहो, इथून कापू?" मास्तर काहीतरी बोलले. "काय?" ते पुन्हा बोलले. "नाही हो कळत!" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी कापडाची घडी घातली आणि मला खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, लवकर कळलं असतं तर मास्तर बरे झाले असते, असं खोटं मी सांगणार नाही. पण माझ्या धारेपायी वाया गेलेले महिने त्यांना शिकवायला मिळाले असते. कोटही तेवढ्यात शिकवून झाला असता. म्हणून कळकळीनं सांगते, कुणाच्या हातातली वस्तू सारखी चुकू लागली, तर आधी त्या हाताकडे बघा. धार काय, माझी कधीही लावता येते.