ऑम्लेटची रांग

फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरच्या एका हॉटेलात अर्लीन आणि जोवी एकाच दिवशी कामाला लागल्या. दोघी मावसबहिणी. सकाळच्या न्याहारीला शेजारी-शेजारी शेगड्या मांडून पाहुण्यांना ऑम्लेट करून द्यायचं, हे त्यांचं काम. अर्लीनचं ऑम्लेट म्हणजे गोल, सोनेरी, कुठे कड फाटलेली नाही. जोवीचं उलथताना हमखास फाटायचं. तरी रांग जोवीपुढेच!

"मोडलं बघा," जोवी पाहुण्याला म्हणायची, "तुमच्याकडे बघत बसले ना!"

पाहुणा खो-खो हसायचा. मोकळ्या तव्यापुढे उभ्या अर्लीनचा मात्र जळफळाट व्हायचा.

एकदा तिनेही आरशासमोर घोकून विनोद करून पाहिला. पाहुण्याने विचारलं, "काय म्हणालात?" तिने घाईने विचारलं, "मिरची घालू का?"

त्यात त्यांच्या वरच्या देलिया मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अर्लीन, हात छान आहे गं तुझा. पण चेहरा कसला एरंडेल प्यायल्यासारखा! जरा जोवीकडून शीक."

ते बोलणं अर्लीनला कुसळासारखं सलत राहिलं.

दोघींची अंडी अर्लीन फेटायची. मीठ जिचं तिने घालायचं. एका सकाळी जोवीची पाठ वळलेली पाहून अर्लीनने तिच्या भांड्यात मूठभर मीठ सोडलं. एकामागून एक बशा परत आल्या. जोवीची रवानगी भांडी घासायला झाली.

"मीच दोनदा घातलं असणार," जोवी डोळे पुसत म्हणाली. "ताई, तू तरी टोकायचंस ना!"

"मला काय माहीत?" अर्लीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी रांग अर्लीनची. तिचा हात नुसता भिरभिरत होता. एक ऑस्ट्रेलियन आजी बशी घेत म्हणाल्या, "ती हसरी मुलगी कुठे गेली?" त्यांच्या मागच्यानेही तेच विचारलं.

"सुट्टीवर आहे," अर्लीन सांगत राहिली.

दुपारी ती खरकटे तवे घेऊन मागे गेली. मोरीपाशी हशा पिकला होता. कोपरापर्यंत फेस माखलेली जोवी कसलीशी नक्कल करत होती, आणि भांडी घासणारा, कधी कुणाशी न बोलणारा म्हातारा बर्तिंग पोट धरून हसत होता.

"ताई, ये ना!" जोवीने हाक मारली.

अर्लीनने तवे दाणकन आपटले आणि ती माघारी वळली. रांगेतून हिला हलवलं, आता मोरीवरून हिला कुठे धाडायचं, तेच तिला सुचेना.