डबीचं वजन

काटेवाल्याच्या गाडीला सगळी गल्ली गेंडा म्हणायची. तीन रांगा सीट, कमरेपर्यंत येणारी चाकं आणि पिण्याची ताकद अशी, की पंपावर डिझेलची नळी लावली की पंपवाल्याचा चहा पिऊन व्हायचा. गेंडा वळवायचा म्हणजे एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि हात हलवत म्हणायचं, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास." हे काम बहुतेक वेळा काटेवाल्याच्या बायकोकडे असायचं.

ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापडाचे नमुने दाखवायचे, घरी येऊन शिवायचं आणि परत जाऊन टांगायचं, असा तिचा धंदा. गाडी चालवायचं लायसन्स तिने गेल्याच वर्षी काढलं होतं, पण ते शिकवणीच्या छोट्या गाडीवर. गेंड्यात बसून क्लचपर्यंत पाय पोचवायचा तर समोरच्या काचेतून फक्त आभाळ दिसायचं, आणि रस्ता बघायचा तर पाय अधांतरी. त्यामुळे लायसन्स पर्समध्ये आरामात पडून होतं आणि ती दारात ताटकळत असायची.

"अहो, सोडता का तेवढं? टोल नाक्याकडच्या वकिलीणबाईंच्या खिडक्या मोजायच्यात."

"काटा उघडून बसलोय. हा मिटवला की निघू."

काटेवाला तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा. सोनाराच्या काचेतल्या काट्यापासून ते अख्खा ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं काम त्याच्याकडे यायचं, आणि एकदा उघडलेला काटा तो दुपारच्या आत मिटवत नसे. खिडक्या वाट बघत राहायच्या. दोन गिऱ्हाइकं तर तोवर दुसरीकडून पडदे शिवून मोकळी झाली होती.

म्हणून एक दिवस डिझेलचा भाव ऐकून काटेवाला स्वतःहून म्हणाला, "आता छोटी गाडी बघावी म्हणतो," तेव्हा पडदेवालीने दातात धरलेली टाचणीसुद्धा हलू दिली नाही. टीप संपवली, टाचणी काढली आणि म्हणाली, "बघा, तुम्हाला पटेल तसं."

नवी गाडी आली. तिला घरात सगळे डबी म्हणू लागले. गेंडा पडदेवालीच्या भावाने नेला, त्याचा तंबू आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा होता. पण काटेवाला म्हणजे वजन पाहिल्याशिवाय पुढ्यातली पुडीसुद्धा न उचलणारा माणूस. त्याने अट घातली.

"शोरूमवाल्या बाईंनी लिटरला बावीसचं अ‍ॅव्हरेज सांगितलंय. महिनाभर मोजून बघणार. बावीसला टेकली तर डबी आमची. नाही टेकली तर डबी तू घ्यायची आणि गेंडा मला परत."

"दाजी, डबीत माझे तंबूचे खांब कुठून मावणार?"

"तो तुझा प्रश्न."

"ताई, तू तरी समजाव."

ताई काय समजावणार. तिला एवढंच कळलं होतं, की गेंडा परत आला तर आपण पुन्हा दारात. आणि चाचणी चालू असताना चालक बदलायचा नाही, असा नवऱ्याचा आणखी एक नियम असल्यामुळे महिनाभर डबीच्या स्टिअरिंगला तिचा हातही लागणार नव्हता.

मोजणी सुरू झाली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, चालवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार पेनाने तळहातावर करायचा. पहिल्या वेळी अठरा आलं. "नवीन इंजिन आहे, मोकळं व्हायचंय," काटेवाला म्हणाला. दुसऱ्या वेळी सतरा. त्यानंतर सोळा आणि काहीतरी. इंजिन मोकळं व्हायच्या ऐवजी जास्तच आखडत चाललं होतं.

शिवाय एक आवाज यायला लागला. डावीकडे वळलं की उजवीकडे गडगड जायचं, उजवीकडे वळलं की डावीकडे, आणि ब्रेक मारला की पुढून कुठूनतरी 'धप्'.

"गिअरबॉक्स," काटेवाल्याने निदान केलं. "नवी गाडी आणि गिअरबॉक्स वाजतो. आई, तुला ऐकू आलं का?"

मागे बसलेल्या सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "मला हल्ली कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. वास्तविक त्यांना शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू यायचं.

पडदेवालीच्या मनात एक बारीकशी बोच होती. गेंड्याच्या शेवटच्या रांगेत तिचे नमुन्यांचे गठ्ठे आणि पडद्यांच्या लोखंडी दांड्या वर्षानुवर्षं पडलेल्या असायच्या. गेंडा गेला त्या दिवशी तिने ते सगळं कुणाला न सांगता डबीच्या मागच्या सीटखाली सरकवलं होतं. कापडाला असं कितीसं वजन असणार, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. दांड्यांबद्दल स्वतःला काहीच सांगितलं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. भाऊ दुपारी गेंडा घेऊन येणार होता. काटेवाल्याला सकाळीच एका भंगाराच्या यार्डातून बोलावणं आलं, ट्रक तोलायचा काटा तपासायला. गिअरबॉक्सच्या भीतीने त्याने डबी घरीच ठेवली आणि यार्डाच्या ट्रकमध्ये बसून गेला. तासाभरात त्याचा फोन आला.

"अगं, माझी तपासणीची वजनं बघ ना. वीस-वीस किलोची चार. वर्कशॉपच्या पोऱ्यांना विचारलं, तिथे नाहीत. जिन्याखाली आहेत का?"

पडदेवालीने जिन्याखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, सासूबाईंच्या कपाटामागेसुद्धा पाहिलं. ऐंशी किलो लोखंड घरातून नाहीसं झालं होतं.

"आता कशाने तपासू मी काटा? बाहेर चार ट्रक उभे आहेत. भंगारशेठ माझ्याकडे असं बघतोय, जसं मलाच तोलणार आहे."

त्यांची कन्या भूगर्भशास्त्र शिकत होती आणि तिला जगातल्या प्रत्येक अडचणीत एक प्रयोग दिसायचा. तिने फोन ओढून घेतला. "बाबा, वजनंच कशाला हवीत? डबी न्यायची. तिच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचं वजन छापलंय, आठशे साठ. काट्यावर उभी करायची आणि आकडा बघायचा."

कल्पना चांगली होती, पण गाडी आणणार कोण, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

"हळू आण म्हणावं तिला," काटेवाला शेवटी म्हणाला.

पडदेवालीने पर्स घेतली. सीटवर बसून पाहिलं तर बॉनेट दिसत होतं, रस्ता दिसत नव्हता. मग तिने मागून नमुन्यांचा एक गठ्ठा ओढला, मखमलीचा, आणि त्यावर बसली. रस्ता दिसू लागला. तेवढ्यात सासूबाई मागे येऊन बसल्या आणि कन्याही.

"तुम्ही कशाला?"

"एकटी कशी जाशील," सासूबाई म्हणाल्या.

"प्रयोगाला मी नको का," कन्या म्हणाली.

दोघींनाही आपापलं काहीतरी गाडीत राखायचं होतं, हे पडदेवालीला नंतर कळलं. रस्त्यात गाडी दोनदा बंद पडली आणि एका रिक्षावाल्याने पडदेवालीला आजीबाई म्हटलं, पण वळणावर हात हलवायला खाली उतरायची वेळ आली नाही. प्रत्येक वळणावर गिअरबॉक्स मात्र गडगडत गेला.

डबी काट्यावर चढली. तिघी उतरल्या. काट्याच्या खोलीवरच्या पाटीवर लाल आकडा थांबला. बरोब्बर एक हजार.

"बघितलंत?" काटेवाल्याचा चेहरा उजळला. "गाडी आठशे साठ, काटा म्हणतो हजार. एकशे चाळीसने जास्त दाखवतोय तुमचा काटा, शेठ."

भंगारशेठ हा भल्यामोठ्या मिशांचा शांत माणूस होता. "म्हणजे इतके दिवस मी लोकांना जास्तच पैसे देत होतो?"

"देत होतात."

"बायकोला सांगू नका," शेठ म्हणाला.

काटेवाल्याने पेटी उघडली, स्क्रू फिरवले आणि आकडा आठशे साठवर आणून ठेवला. मग हात झटकत डबी खाली घ्यायला सांगितलं. पडदेवालीने गाडी सुरू केली, थोडी पुढे घेतली आणि घाबरून करकचून ब्रेक मारला. पुढून 'धप्' झालं, आणि तिच्या पायाशी एक काळा लोखंडी गोळा येऊन थांबला.

तिने गाडी तिथेच काट्यावर बंद केली आणि गोळा घेऊन खाली उतरली. "अहो, हा तुमचा गिअरबॉक्स."

सासूबाईंनी पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला. त्या सकाळी मैदानावर ज्येष्ठांच्या गटात गोळाफेक शिकायला जायच्या, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"गेंड्यात रुतून बसायचा बिचारा," त्या म्हणाल्या. "इथे त्याला जागाच नाही. आणि तीन किलोंनी काय होतंय? बघ तुझा आकडा, हललाय का?"

आकडा खरोखरच हलला नव्हता. ट्रकचा काटा तो, पाच किलोंच्या आतलं त्याला काही कळायचं नाही. सासूबाईंनी विजयाने गोळा पदराने पुसला. पण काटेवाल्याच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं.

"अजून कोणाचं काय आहे गाडीत?"

कन्येने दारांच्या कप्प्यांतून आणि पुढच्या सीटखालून दगड काढायला सुरुवात केली. बेसाल्ट, ग्रॅनाइट, आणि एक ज्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. आकडा पंचवीसने उतरला.

"दगड?"

"नमुने आहेत, बाबा."

"आणि हे?" त्याने मागची सीट उचलली होती.

"तेही नमुनेच," पडदेवाली हळूच म्हणाली. गठ्ठे आणि दांड्या खाली आल्या. आकडा आणखी खाली गेला. तिला वाटलं, संपलं. आता नवरा म्हणणार, तुमच्यापायी डबी बदनाम झाली, आणि म्हणूनच घरात मोठी गाडी लागते.

पण काटेवाला डिकीत वाकला होता. स्टेपनीच्या खड्ड्यावरची चटई त्याने उचलली आणि तो तसाच वाकून राहिला. बराच वेळ. त्याला लचक भरली की काय म्हणून भंगारशेठ पुढे गेला आणि त्यानेही आत पाहिलं.

"चार आहेत," शेठ म्हणाला. "वीस-वीसची."

"गेंड्यात पण तिथेच असायची," काटेवाला डिकीतूनच म्हणाला. "डबी आली त्या दिवशी हाताने आपोआप ठेवली असणार."

"म्हणजे पेट्रोल जाळून तुम्ही स्वतःचीच वजनं गावभर फिरवत होतात," पडदेवाली म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती.

वजनं उतरवली. काटा आता सातशे वीस दाखवू लागला, म्हणजे इतकी हलकी डबी कारखान्यातूनही निघत नाही. काटेवाल्याने निमूटपणे पेटी पुन्हा उघडली, स्क्रू उलटे फिरवले आणि सापडलेल्या वजनांनी काटा नीट तपासला. काटा पहिल्यापासून बरोबर होता. बाहेरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

इतक्यात घराला कुलूप बघून फोनवर पत्ता विचारलेला भाऊ गेंडा घेऊन तिथेच आला. यार्डात मांडलेला संसार बघून त्याने विचारलं, "ताई, घर विकलंत का?"

"अजून एक चाचणी," पडदेवाली म्हणाली. "रिकाम्या डबीची. समोर पंप आहे."

टाकी गळ्यापर्यंत भरली. कन्येने आठवण करून दिली, की अंतर कमी असलं तर चूक मोठी येते, तेव्हा टोल नाक्यापर्यंत जाऊन यायला हवं. काटेवाल्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

"तुम्ही नाही," पडदेवाली म्हणाली.

"चालक बदलायचा नसतो."

"रिकाम्या गाडीचं बोलतोय ना आपण? तुम्ही किती किलो?"

काटेवाला रोज सकाळी स्वतःला तोलायचा, त्यामुळे त्याला खोटं बोलता येईना. "ऐंशी."

"म्हणजे आणखी चार वजनं," कन्या म्हणाली.

पडदेवाली एकटी गेली. मागे राहिलेले लोक दगडांवर आणि गठ्ठ्यांवर बसून राहिले. सासूबाईंनी मोकळी जागा पाहून भंगारशेठला गोळा कसा धरतात ते दाखवलं, आणि शेठच्या एका जुन्या फ्रिजचा दरवाजा कायमचा आत गेला. "तो भंगारच होता," शेठ म्हणाला.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत वकिलीणबाईंकडे उतरून तिने खिडक्याही मोजल्या होत्या. पंपवाल्याने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. तळहातावरची जागा संपली होती, म्हणून काटेवाल्याने मनगटावर भागाकार केला. मग खालून वर पुन्हा तपासला.

"बावीस पॉइंट एक," तो म्हणाला. भावाने गेंड्याच्या टपावर प्रेमाने थाप मारली.

दगड, दांड्या, गठ्ठे, वजनं, कन्या, सासूबाई आणि त्यांचा गोळा सगळं गेंड्यात चढलं. शेवटच्या रांगेत वजनांना पाय लावून काटेवाला बसला. डबी पुढे एकटी निघाली. गल्लीत पोचल्यावर मागे कोणी हात हलवायला नव्हतं. पडदेवालीने आरशात बघत गाडी एका दमात भिंतीला लावली.

मग ती उठली, आणि इतका वेळ बुडाखाली असलेला मखमलीचा गठ्ठा तिने उचलून काखेत मारला. चार किलो तरी असेल, तिने अंदाज केला. काट्याला कळलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गेंडा वळत होता आणि काटेवाला खाली उतरून ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे."