कलाबाईचा दुसरा डोस

२०२१च्या मार्चमध्ये कोरोनाची लस गावात आली, तेव्हा वस्तीतलं कुणी घ्यायला धजत नव्हतं. आशाताई सारिका दारोदार फिरून थकली. शेवटी कलाबाई तयार झाली आणि तिनं पहिला डोस घेतला. बासष्ट वर्षांची, रोज मजुरीला जाणारी बाई.

"अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस घ्या, मावशी. मग घोर नाही," सारिकानं छातीठोक सांगितलं. तसंच सांगायचं, असा वरून हुकूम होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी काम बुडवून कलाबाई चार किलोमीटर चालत आरोग्य केंद्रात गेली. तिथं कळलं, आता सहा ते आठ आठवड्यांनी. आठ आठवडे भरल्यावर मेच्या मध्यात परत गेली, तर नियम चौऱ्याऐंशी दिवसांवर गेलेला. ते दिवस भरायच्या आत तिला तापानं गाठलं. कोरोना निघाला. तिच्या मुलानं, प्रेमानंदनं, तिला मलकापूरच्या दवाखान्यात ठेवलं. नऊ दिवस ऑक्सिजनवर काढून ती घरी आली, तेव्हा सारिकाच्या मोबाइलवर नवा निरोप होता : आजारातून उठल्यावर तीन महिने डोस नाही.

तो निरोप द्यायला सारिका गेली. कलाबाई बाजेवर उठून बसली.

"तुह्यावर भरोसा ठेवला म्या," ती म्हणाली. "मले चार खेपा चार गोष्टी सांगितल्या. खरी कोनती?"

त्यानंतर बाया सारिकाला येताना पाहून दार लोटून घेऊ लागल्या.

जूनअखेरच्या आढावा बैठकीत तालुक्याचे साहेब आले. सारिकाच्या गावाचा लसीकरणाचा कमी आकडा वाचून म्हणाले, "आशाताई लोकांना चुकीची माहिती देतात. नोटीस काढा."

सारिका उठली आणि तिनं मोबाइलवरचे चारही मेसेज तारखांसकट वाचून दाखवले.

"हे तुमच्याच ऑफिसातून आले, साहेब. माह्या पदरचा एक शब्द नाही यात."

"बाई, नवी माहिती आली की सल्ला बदलतो. विज्ञान असंच असतं."

"बदलू द्या ना. त्याचा राग नाही मले. पण अजून अभ्यास चालू आहे, हे पुढं बदलू शकते, असं पहिल्याच दिवशी काऊन नाही सांगितलं? आमाले पक्कं म्हणून सांगायले लावलं. आता बदललं तं तुमचं विज्ञान, अन् आमी खोट्या?"

साहेबांनी फाइल मिटली. शेजारच्या गावची आशाताई चांगुणा हळूच उभी राहिली. "माह्याही गावात हेच झालं, साहेब."

आठ दिवसांनी नोटीस आलीच. कारण मात्र वेगळं होतं : बैठकीत उद्धट वर्तन. सारिकानं दोन पानी खुलासा लिहिला. त्याच्यावर अकरा आशाताईंनी सह्या केल्या.

पुढं ती घरोघरी आपल्या पद्धतीनं बोलू लागली. "लस घेतली तं जीव वाचायची शक्यता वाढते, हे पक्कं आहे. किती दिवसांनी घ्यायची, ते आजच्या घडीले असं सांगतात. बदललं तं मी सोता येऊन सांगीन." काही दारं उघडली, काही नाहीच.

सप्टेंबरात कलाबाईनं दुसरा डोस घेतला. सारिका सोबत होती. दंडावर कापूस दाबून धरत कलाबाई म्हणाली, "आता हे किती दिवस पुरते?"

"मले मालूम नाही, मावशी. त्याईलेही अजून नक्की मालूम नाही."

"मंग असंच सांगाव न मानसानं," कलाबाई म्हणाली.

सारिकाच्या खुलाशाला तालुक्याहून आजवर उत्तर आलेलं नाही.