दोघींची खोली, एकीचं सामान

आमच्याकडे, नॉर्थ डकोटात, कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. कॉफी असो, केकचा तुकडा असो, नाहीतर घरापर्यंत गाडीतून सोडणं असो. हे कुणी शिकवत नाही.

माझ्या बहिणीला, आर्डिसला, मी दोनदा विचारलं.

गोष्ट एवढीच आहे. पण आधी मी ती वेगळी सांगितली.

*परतल्यावर, रविवारी, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सांगितली ती:*

भावाला, हार्लनला, बघायला मायनॉटहून सिअ‍ॅटलला रेल्वेने एकटी निघाले. एकाहत्तर वर्षांची बाई, दोन बॅगा, एक गुडघा नवा आणि दुसरा रांगेत उभा. म्हणून जन्मात पहिल्यांदा फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं. साध्या डब्यात एकटं बसायचं म्हणजे संडासला जातानाही जीव बॅगांत. इथे कसं, आपली खोली, आपलं दार.

डब्याशी टेरेन्स उभा होता, आमचा अटेंडंट. दूर दक्षिणेकडचा, मेम्फिसचा.

"द्या मॅडम, बॅग मी घेतो."

"छे छे, राहू द्या."

"नक्की?"

"अहो, हलकी आहे."

आणि मी हसत उभी, तिसऱ्यांदा विचारेल म्हणून. तो "बरं" म्हणाला आणि पुढच्या बाईची बॅग उचलायला गेला!

मग काय, डबा दुमजली, खोली वर; अरुंद जिन्यातून ती मोठी बॅग मीच ओढली. मधल्या वळणावर अडकले. वर पोचले तर खोलीत बॅग मावेना. परत खाली, दाराजवळच्या रॅकवर. जिच्यासाठी दार घेतलं तीच दाराबाहेर. प्रत्येक स्टेशनला मी खाली जाऊन तिला बघून यायची. शेवटी टेरेन्स म्हणाला, "मॅडम, तिचंही तिकीट काढायचं होतंत. वर बसली असती तुमच्यासमोर."

इथे सगळ्या हसल्या. आर्डिस माझ्या शेजारीच बसली होती. तीही हसली.

*त्याआधी, हार्लनला सांगितली ती:*

तो वृद्धाश्रमात खिडकीशी बसला होता. बराच वाळला होता. पहिलाच प्रश्न, "आर्डिस कुठंय?"

"विचारलं की रे तिला. नाही म्हणाली. कंबर दुखते तिची."

"किती वेळा विचारलंस?"

चाळीस वर्षं सिअ‍ॅटलला राहून हा विसरला नव्हता. मी घाईघाईने डबा उघडला. आर्डिसने केलेल्या लेफ्सा, आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या.

"खा."

"नको."

"खा रे, तिने केल्यात."

"नको गं."

"हार्लन, खा."

मग खाल्ली. दोन खाल्ल्या. तीनदा विचारायला काहीच कष्ट पडत नाहीत, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

*झालं ते:*

ती खोली दोघांची असते. समोरासमोर दोन खुर्च्या, वर-खाली दोन बिछाने. आर्डिससाठी साधं तिकीट काढलं असतं तरी भागलं असतं. पहिल्यांदा मी फोनवर विचारलं. "येतेस का?"

"छे गं. कुठे माझी अडगळ तुला."

दुसऱ्यांदा तिच्या स्वयंपाकघरात, लेफ्सा लाटताना. "ये ना."

"नको, तू जा. तुझ्या दोन बॅगा, त्यात मी तिसरी." हसली. मग लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणाले, "तवा तापलाय."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय होतं, तेही लिहिते. तिची काठी. तिला त्या जिन्यातून चढवणं. तिचं सतत बोलणं. मला दार लावून, कुणाचंही न ऐकता, सबंध दिवस खिडकीतून बाहेर बघायचं होतं. हार्लनला बघायची तिला माझ्याइतकीच ओढ होती. माझ्याहून जास्तच, त्याला लहानपणी तिनेच वाढवलं.

निघायच्या सकाळी तिनेच मला स्टेशनवर आणलं. माझी छोटी बॅग काढायला मी तिच्या मोटारीचं मागचं दार उघडलं. सीटखाली तिची निळी बॅग होती. वर कोट टाकलेला, कडेने औषधांचा डबा डोकावत होता.

मी बघितलं. मी बघितलेलं तिने बघितलं.

"चल, उशीर होईल," ती म्हणाली.

"गाडी वीस मिनिटं थांबते."

"हो का."

तिकिटाच्या खिडकीशी रांग नव्हती. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मी तिला मिठी मारली, तिने दिलेला लेफ्सांचा डबा उचलला आणि टेरेन्सच्या दिशेने चालू लागले.

वर गेल्यावर डबा समोरच्या खुर्चीवर ठेवला. खिडकीतून बघितलं तर ती तशीच उभी होती. गाडी हलेपर्यंत.

*तिसऱ्यांदा:*

तीन आठवड्यांनी हार्लन गेला. फोन आला त्या दुपारी मी आर्डिसकडे गेले.

"दोघी जाऊ. फर्स्ट क्लासने. तू खालच्या बिछान्यावर."

"नको गं."

"चल ना."

"नको."

"आर्डिस, मी तिसऱ्यांदा विचारतेय."

ती कप पुसत होती. "मोजता येतं मला, लव्हॉन."

"मग?"

"नको."

चौथ्यांदा विचारलं. पाचव्यांदाही. तिने कप जागेवर ठेवला. "तो खात होता का गं? माझी लेफ्सा?"

"दोन खाल्ल्या."

"बरं," ती म्हणाली. "सकाळी सोडते तुला."

सोडलं. मागच्या सीटखाली बॅग नव्हती. या खेपेला अटेंडंट दुसरा कुणी होता.

"बॅग घेऊ का मॅडम?"

"घ्या," मी म्हणाले.