कपाटातली अंबाडी

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. मला आरसा नाही, नक्षी नाही, आणि माझे डावे दार लावताना थोडे वर उचलावे लागते. हल्ली मी शारजातल्या एका बाल्कनीत उभे असते. माझ्यात इस्त्रीचे टेबल, रंगाचे डबे आणि नाताळचा एक मोडका कागदी तारा आहे. पण एके काळी माझ्या पोटात शेत होते. हसू नका, खरेच होते.

माझा जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जहूर नावाच्या सुताराने मला प्लायवूडपासून घडवले. त्याने माझी दारे इतकी नेटकी बसवली की आत उजेडाची रेघही शिरत नसे. शेवटचा स्क्रू आवळून तो म्हणाला, "खलास! अब चींटी भी अंदर नहीं जाएगी." माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. दुसरी मिळायला बरीच वर्षे लागली.

तिथून मी शारजातल्याच अल मजाज वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये आले. फ्लॅट दोन कुटुंबांत वाटलेला होता. एका खोलीत चारुदत्त, त्याची बायको छाया आणि त्यांची मुलगी मुग्धा राहत. दुसऱ्या खोलीत पॅट्रिक आणि अ‍ॅलिस हे जोडपे. पॅट्रिक मुंबईचा, हॉटेलात नोकरीला. अ‍ॅलिस वसईची, एका ऑफिसात रिसेप्शनला. मी मधल्या पॅसेजमध्ये उभे होते. वरच्या फळीवर सगळ्यांची हत्यारपेटी, खाली छायाच्या बॅगा. चार वर्षे मी हेच सांभाळले. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

मग एका उन्हाळ्यात छायाची आई वारली. छाया माहेरी भोरला गेली आणि परतली तेव्हा तिच्याजवळ रुमालात बांधलेली एक पुरचुंडी होती. तिच्यात अंबाडीचे बी होते. तिची आई परसात दरवर्षी अंबाडी लावायची, चारदोन झाडे बियाण्यासाठी राखायची आणि तेच बी पुढच्या वर्षी पेरायची. आता भावाने परसात गाडी ठेवायला फरशी घातली होती. म्हणजे आईच्या हातचे जे काही उरले, ते या रुमालात होते.

छायाने निम्मे बी बाल्कनीत पेरले. शारजाच्या ऑगस्टने ते चार दिवसांत भाजून काढले. ती रडली नाही. तिने माझ्या खालच्या भागातल्या बॅगा पलंगाखाली ढकलल्या आणि माझ्या आतल्या बाजूंना स्वयंपाकघरातली चांदीची फॉइल चिकटवली.

"अगं, कपाटात शेती?" चारुदत्त म्हणाला. "माझ्या ऑफिसात कळलं तर माझं जगणं मुश्कील करतील!"

"कळणार कसं? तू सांगू नकोस, म्हणजे झालं. आणि मुग्धा, तूही नाही. पेरलेलं बोलून दाखवू नये, आई म्हणायची. दृष्ट लागते."

"ओके मम्मा, आय वोन्ट टेल एनीवन," मुग्धा म्हणाली. या वाक्याने पुढे काय गोंधळ घातला ते सांगतेच.

शेतीत छाया अगदीच नवखी होती, आणि नवखा माणूस करतो त्या सगळ्या चुका तिने केल्या. दुधाच्या पावडरीच्या डब्यांना तळाशी भोके पाडायला विसरली, त्यामुळे पहिली रोपे कुजली. ट्यूबलाइट फार वर टांगली, त्यामुळे दुसरी रोपे उजेडाच्या ओढीने लांब, फिकट होऊन आडवी पडली. मग तिने ट्यूब खाली आणली, एक छोटा पंखा लावला आणि माती बोटाने चाचपून कोरडी लागली तरच पाणी द्यायला शिकली. तिसऱ्या खेपेला रोपे तरारली. त्यांचा हिरवा, आंबूस वास माझ्या लाकडात आजही कुठेतरी असेल.

झाडे वाढली, पण फुलेनात. फूल नाही तर बोंड नाही, आणि बोंड नाही तर बी नाही. पुरचुंडी तर आता रिकामी होती. छाया जिवाच्या आकांताने ट्यूब रात्रंदिवस चालू ठेवत होती. एका दुपारी माझ्यासमोर बसल्या बसल्या तिला आठवले, की भोरला रस्त्याच्या दिव्याखाली आलेले अंबाडीचे झाड कधी वेळेवर फुलले नव्हते. आई म्हणायची, "त्याला झोपू देत नाहीत ना, म्हणून."

त्या दिवसापासून सूर्य कलला की ती ट्यूब बंद करी, माझ्या सैल पडलेल्या डाव्या दाराच्या फटीत जुनी ओढणी कोंबी आणि सगळ्यांना बजावी, "संध्याकाळनंतर कपाट उघडू नका हं." मित्रांनो, उजेड काय, कुठलीही ट्यूब देते. अंधार मात्र माझा होता. त्या अंधारात अंबाडीला कळ्या आल्या, पिवळी फुले आली, बोंडे धरली. मला फार अभिमान वाटला.

पण अंबाडीची एक खोड आहे. तिची पहिली पाने साधी, गोलसर असतात. झाड उंच झाले की वरची पाने पंजासारखी फाटतात, आणि मग ती थेट गांजाच्या पानांसारखी दिसतात. भोरला याची कुणाला फिकीर नव्हती. इथे मात्र गांजा घरात सापडला तर तुरुंग आणि नंतर देशाबाहेर रवानगी ठरलेली.

एका शुक्रवारी संध्याकाळी छायाचे कुटुंब दुबईला गेले होते. पॅट्रिकला कित्येक महिन्यांनी हत्यारपेटीतला स्क्रूड्रायव्हर हवा होता. त्याने ओढणी ओढली आणि दार उघडले. फॉइल, ट्यूब, पंखा, आणि पंजासारखी पाने. हॉटेलच्या सिक्युरिटी ट्रेनिंगमध्ये त्याला नेमके असलेच पान दाखवले होते. शिवाय आदल्याच आठवड्यात त्याने मुग्धाला सहज विचारले होते, कपाटात काय आहे गं? ती म्हणाली होती, "इट्स अ सीक्रेट, अंकल. मम्मा सेड डोन्ट टेल."

"जीझस," तो पुटपुटला. "सगळेच आत जाणार."

त्याने पोलिसांना फोन केला नाही, हे लक्षात ठेवा. त्याने झाडे मुळासकट उपटली, दोन काळ्या पिशव्यांत कोंबली आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आला. मग बराच वेळ हात धुतले.

छाया परतली आणि तिने दार उघडले. आत नुसते रिकामे डबे होते.

"वहिनी, मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही बोलू नका," पॅट्रिक घाईने म्हणाला. "फिनिश. चारू, अरे छोटी मुलगी आहे तुझी, असले धंदे कशाला?"

"धंदे?" चारुदत्तला काही कळेना.

"गांजा, यार! माझाही व्हिसा गेला असता!"

छाया माझ्यासमोर खाली बसली. "ती माझ्या आईची भाजी होती," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो माझ्यापर्यंतच जेमतेम पोहोचला.

तेवढ्यात अ‍ॅलिस ड्युटीवरून आली. माझ्या तळाशी एक पान पडले होते. तिने ते उचलले, उलटसुलट केले आणि सरळ तोंडात टाकले. पॅट्रिकने डोळे मिटून घेतले.

"आंबट आहे," ती चघळत म्हणाली. "पॅट्रिक, अरे वेड्या, ही अंबाडी! माझ्या डॅडींच्या वाडीत बांधावर असायची. कुठे टाकलीस?"

"खाली."

"मग उभा काय राहिलास? यल्ला, चल लवकर!"

पॅट्रिक इस्त्रीच्या शर्टासकट त्या कचरापेटीत उतरला. नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, विचारायला आला तर त्याला म्हणाला, "भाजी ढूँढ रहा हूँ, भाई." झाडे मोडली होती, पाने चोळामोळा झाली होती, पण बऱ्याच बोंडांना काडी शाबूत होती.

"काड्यांसकट उलटी टांगा," अ‍ॅलिस म्हणाली. "भरत आलेली बोंडं काडीवरच पिकतील."

माझ्या आतल्या कोट टांगायच्या दांडीला त्यांनी ती झाडे टांगली. छायाने माझे दार लावले आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "आता तूच बघ बाबा." एवढा भरवसा आजवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता. ही माझी दुसरी शाबासकी.

निम्मी बोंडे पोचट निघाली. उरलेल्यांतून मूठभर बी मिळाले. छायाने त्यातले अर्धे अ‍ॅलिसला दिले, आणि सुट्टीत ते वसईच्या वाडीत पेरले गेले. तेव्हापासून दरवर्षी तिकडून थोडे बी येते. पुढे छाया अल नहदाच्या टॉवरमध्ये राहायला गेली. तिथे भिंतीतच कपाटे आहेत, म्हणून मी पॅट्रिककडे राहिले आणि हळूहळू बाल्कनीत आले. उन्हाने माझा प्लाय सुटत चालला आहे. माझी फारशी तक्रार नाही. पावसाची भीती इथे नाही, एवढे बरे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर अधूनमधून फडके फिरवा, तिचे सैल स्क्रू आवळा. आणि बंद दार दिसले तर उघडण्याआधी विचारा. आत काय आहे, यापेक्षा ते कुणाचे आहे हे आधी कळलेले बरे.

पॅट्रिकचे केस आता पिकले आहेत. स्क्रूड्रायव्हर अजूनही माझ्याच वरच्या फळीवर असतो. तो घ्यायला येतो, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही ना हे बघतो आणि आधी माझ्या दारावर हलकेच टकटक करतो.