पूजेचा कॉम्प्युटर

धामणगाव बढ्याच्या पुष्पांजलीच्या मिरचीची पानं आक्रसायला लागली, तेव्हा जो भेटेल त्याने एकच सल्ला दिला: फवार! तिचा नवरा राजकुमार औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने झाड न बघताच बाटली काढून दिली. फवारलं, तर पानं आणखी आक्रसली. दुसरी बाटली आली, तिसरी आली. मोबाइलवर शोधावं तर जो तो आपलंच औषध विकायला बसलेला, आणि एखादा खरा अभ्यासाचा लेख सापडलाच, तर पहिल्या परिच्छेदानंतर पैसे मागायचा. मिरची गेली की घराचं वर्ष गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी तिने अकोल्याला शेतकीचं शिकणाऱ्या नणंदेला, दीपमालाला, फोन लावला.

"वयनी, पानं वर वळली का खाली?"

"खाली. अन् देठं लांब झाली."

"मंग दुकानदारानं भलतंच औषध देल्लं वाटते. पण माह्या एकटीच्या बोलण्यावर जाऊ नको, सोता वाच. आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर हाय ना? संशोधनाचे लेख तिथं पूर्ण उघडतात, तेबी फुकट. वाचनालयानं त्यासाठी नाव नोंदवलं हाय. मराठीतले लेखबी हायेत."

पुष्पांजली तडक वाचनालयात गेली. कॉम्प्युटर होता, पण पिवळ्या साटीनच्या कापडाखाली! वर झेंडूचा वाळलेला हार, दसऱ्याचं कुंकू आणि आपट्याचं पान. शेजारी वाचनालयाचे अध्यक्ष, सासऱ्याच्या वयाचे माणिकराव पेपर वाचत बसले होते.

"मामाजी, मले याच्यावर मिरचीचं वाचाचं हाय."

"थो चालवाचा नाही, सूनबाई. साहेब तपासणीले आले का उघडतो. रोज हात लागला त बिघडते."

"मंग आणला काऊन?"

"गावाची शोभा हाय ते. अन् संशोधन म्हंजे प्रोफेसर लोकायचं काम. तुले त्यातलं काय समजते?"

झालं! पुष्पांजलीचं डोकंच फिरलं. गावात सून म्हणून आल्यापासून तिने या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. आज डोक्यावरचा पदर खाली आला तरी तिला भान राहिलं नाही.

"मामाजी, माह्या वावरात मिरची मरून राह्यली, अन् तिचा इलाज तुमी हार घालून झाकून ठेवला! दुकानदाराचं समजते मले, मंग शिकल्यासवरल्या लोकायनं लिव्हलेलं काऊन नाही समजणार? नाही समजलं त चार जणायले विचारीन. पण वाचूच देत नाही म्हंजे काय? दसऱ्याले आपण नांगर पुजतो, अन् दुसऱ्या दिवशी थो वावरात जाते. तुमी त नांगर देव्हाऱ्यातच ठेवला!"

बाकावरच्या दोघातिघांनी पेपर खाली केले. एकजण म्हणाला, "पोरगी खोटं नाही बोलून राह्यली, माणिकराव."

माणिकराव धुसफुसत उठले. पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता. कापड निघालं, कॉम्प्युटर सुरू झाला. पुष्पांजलीने मराठीत दोन शब्द लिहिले आणि लेखांची रांगच लागली. ना जाहिरात, ना पैशाची मागणी! ती मोठ्याने वाचू लागली. पानं वर वळली तर फुलकिडे. खाली वळून देठ लांबले, तर कोळी, म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक कीड. काही कीटकनाशकांनी कोळी मरत तर नाहीच, उलट वाढतो. त्यावर पाण्यात विरघळणारं गंधक चालतं.

"थांब," माणिकराव म्हणाले. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. माणिकराव हळूच बाकावर टेकले.

"माह्यी मिरचीबी अशीच झाली होती."

"मंग आजच गंधक मारा ना, मामाजी."

"कशावर मारू? मांगच्या आठवड्यात सारी उपटून फेकली म्या. बिमारी हटतच नाही म्हणलं, अन् वखर फिरवला."

ज्याच्याकडे पासवर्ड होता, त्याचीच मिरची मेली होती! पुष्पांजलीचा राग उतरला नाही, पण तिने खाली आलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"चुकलो, सूनबाई," माणिकराव म्हणाले. "कोणी कॉम्प्युटर बिघडवीन, याचंच भेव होतं मले. माह्यं वावर बिघडलं, ते दिसलंच नाही. वाचनालय उघडं असलं का हा चालूच राहीन. बिघडला त दुरुस्त करू!"

पुष्पांजलीने तो लेख आणि मिरचीची फांदी कृषी सहायकाला दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली. गंधक फवारल्यावर नवी पालवी सरळ आली. सगळी मिरची वाचली नाही, पण निम्म्याहून जास्त वाचली.

मंडळी, तुमच्या गावच्या वाचनालयात जा आणि विचारा, संशोधनाचे लेख इथे फुकट वाचता येतात का? येत असतील तर वाचा. येत नसतील तर का नाही, ते विचारा. "तुले काय समजते" म्हणणारा कोणी भेटला, तर खुशाल भांडा! फुकटचं ज्ञान हलकं नसतं, आणि ते आपल्यासाठीच असतं. ते कुलपात ठेवणारा माणूस दुसऱ्याचं नुकसान करतोच, पण पहिल्यांदा स्वतःचं करून बसतो.